धाकट्या y चा कौल

आधीच सांगून ठेवतो, कोणाचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. आरे-वाऱ्यापासून नाटे बंदरापर्यंत जिथे जिथे मी ही हकिगत सांगितली, तिथे लोकांनी तोंडावर मान डोलावली आणि पाठ फिरताच फिदीफिदी हसले. पण आज माझ्याकडे साक्षीदार आहे. तो बघा, धाकूच्या सलूनच्या खुर्चीत मान मागे टाकून, कानापर्यंत फेस लावून पडलाय ना, तोच रावजी गुरव. परशुरामशेठच्या आमरसाच्या कारखान्यातला टायपिस्ट. ज्याच्यावर हे बेतलं, तो. हवं तर त्यालाच विचारा. पण तो बोलायचा नाही. एक तर धाकूचा वस्तरा त्याच्या गळ्यावर आहे, आणि दुसरं म्हणजे त्या दिवसाचं नाव काढलं की त्याला अजून घाम फुटतो.

"हलू नको हां रावजी," धाकू म्हणाला, "कान हातात येईल."

बघा, नुसतं नाव काढलं तर हलला.

तर सत्त्याऐंशी साल, वैशाखाचा महिना. कारखान्याच्या पडवीत आंब्याचे डोंगर, बाठ्यांवर माश्या, रसाचा वास असा की रस्त्यानं जाणारा माणूस उपाशी असला तरी ढेकर द्यायचा. अशा ऐन हंगामात शेठनं मुंबईहून काँप्युटर आणला. बरण्या ठेवायची खोली रिकामी करून, चुना मारून, तिथे त्याची स्थापना केली. स्थापना म्हणजे स्थापनाच. नारळ फोडला, झेंडूची माळ घातली, काचेवर कुंकू लावलं. शेठच्या आईनं तीर्थ शिंपडायला पळी उचलली, तेव्हा काँप्युटर चालवायला ठेवलेली दमयंती मध्ये आडवी आली म्हणून, नाहीतर तो तिथेच निवला असता. दमयंती दादरला कोर्स करून आलेली, पोरगी हुशार. तिनं दारावर पाटी लावली, चपला बाहेर काढा. धूळ आत जाऊ नये म्हणून हो. पण आपली माणसं काय समजायची? चपला बाहेर, आत गारवा, अंधुक उजेड आणि समोर हिरव्या डोळ्याची काच. हमाल येता-जाता उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावू लागले.

रावजीचा टाइपरायटर मात्र त्याच दिवशी कोपऱ्यात गेला, मेणकापडाखाली. शेठ म्हणाला, "रावजी, हंगाम संपेपर्यंत बस. मग बघू."

आता शेठचं 'बघू' म्हणजे काय ते रत्नागिरीत कोणाला सांगायला नको. रावजी हादरला. गाव त्याचं संगमेश्वराकडे. तिथे कातळ आणि कातळावर करवंदीच्या जाळ्या, एवढी इस्टेट. ह्या वयात परत जाऊन करणार काय? बाप देवीचा गुरव होता, कौल लावायचा. ते काम थोरल्या भावाकडे गेलं आणि धाकट्या रावजीला आलं टायपिंग. ती खुर्ची गेली की माणूस गेला.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो जेवेना. बायको हौसा म्हणाली, "काय वो, बरं नाय का?" हा तसाच उठला. तिन्हीसांजेला परसात गेला, माडाखाली उभा राहिला, गावाच्या दिशेला तोंड केलं आणि देवीच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, ते यंत्र बंद पाड. तुला कोंबडा देईन."

बोलून गेला आणि मग जीभ चावली. कारण बाप नेहमी सांगायचा, "देवीकडे रडून मागितलंस तरी चालेल, पण राखणदाराकडे मागशील ते पुरतं समजून माग. त्याला चेष्टा कळत नाय."

आता खरी गोष्ट सुरू होते. नीट ऐका.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा सुटला, हातखंब्याकडे कुठेसा खांब आडवा झाला आणि रत्नागिरीची लाईट गेली ती गेलीच. उकाडा असा की शेठ खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यानं वारा घेत फिरत होता. त्यात निरोप आला, आंब्याची गाडी संगमेश्वराच्या अलीकडे गटारात कलंडली. शेठ जीपमध्ये चढला. दमयंतीला त्याच दुपारी पाहुणे बघायला यायचे होते, तीही निघाली. संध्याकाळी मुंबईला डब्यांचा ट्रक सुटायचा होता, त्याचे कागद तिनं यंत्राकडे सोपवलेले. म्हणाली, "रावजीकाका, काम लावून जातेय. तुम्ही नुसते बसा. काही विचारलंन तर वाचून उत्तर द्या. वाय म्हणजे होय, एन म्हणजे नाही."

"विचारील काय पण?"

"काही नाही हो. विचारतंय कशाला?"

आणि शेठ जीपमधून ओरडला, "रावजी, मी येईपर्यंत त्या यंत्राला काही झालं, तर तू आणि तुझा टाइपरायटर, दोघं एकाच हातगाडीवरून भंगारात!"

"आँ! ऊं ऊं," खुर्चीतून आवाज आला. रावजीचं एक बोट वर आलं होतं.

"खाली घे," धाकूनं ते बोट पकडून खुर्चीच्या दांड्यावर ठेवलं. "मिशीजवळ आलोय मी."

घाबरतोय बिचारा. साहजिक आहे. कारण पेच बघा कसा पडला. काल ज्या यंत्राच्या मरणाला कोंबडा कबूल केला, त्याच यंत्राला आज जिवंत ठेवायचं. ते मेलं तर शेठ ह्याला काढणार. जगलं तरी हंगाम संपल्यावर काढणारच. आणि राखणदार तर शब्द ऐकून बसलेला.

रावजी खोलीत शिरला. चपला बाहेर काढल्या. दार आपोआप मागे लागलं. पडवीतल्या बायकांचा आवाज एकदम तुटल्यासारखा झाला. खोलीत फक्त ती काच, हिरवी, आणि तिच्यात एक बारकी रेघ, लुकलुक, लुकलुक. अंधारात मांजर बसलेलं असावं आणि त्यानं एकच डोळा उघडा ठेवलेला असावा, तशी. रावजी भिंतीला टेकून उभा राहिला. यंत्राच्या पोटात कुरकुर, कुरकुर, घुशी हिंडाव्यात तशी. मग कुरकुर थांबली. अगदी थांबली. आणि काचेवर आपोआप, कोणी हात न लावता, अक्षरं उमटली.

आर यू शुअर? y/n

रावजीला इंग्रजी येतं बरं का. आयुष्यभर शेठची इंग्रजी पत्रं बडवलीत त्यानं. त्याला लगेच कळलं. यंत्र विचारत होतं, तुझी खात्री आहे का?

कसली खात्री? ते काही सांगितलेलं नाही. नुसतं, खात्री आहे का?

तुम्हीच सांगा, कालच्या तिन्हीसांजेला परसात माडाखाली रावजी काय बोलला ते हौसालासुद्धा ठाऊक नसताना, आज दुपारी एक काच विचारते, खात्री आहे का तुझी? रावजी खुर्चीवर बसला नाही, पडला.

आणि त्याहून भयंकर गोष्ट त्याच्या ध्यानात आली. लहानपणापासून त्यानं बापाला कौल लावताना पाहिलं होतं. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माणसानं विचारायचं, देवानं सांगायचं. हा रिवाज. इथे उलटं झालं होतं. इथे राखणदारानं विचारलं होतं आणि उत्तर माणसानं द्यायचं होतं. आजवर कोणत्या गुरवावर ही पाळी आली असेल?

"मग उठून पळायचं!" बाकावर नंबर लावून बसलेला लवू कंडक्टर म्हणाला.

पळून जातोस कुठे? संध्याकाळी शेठ परत येणारच. शिवाय प्रश्न विचारलेला असताना पाठ दाखवायची? गुरवाच्या मुलानं?

रावजीनं हात पुसले. बोटं टायपिस्टच्या सवयीनं आपापल्या घरी बसली. उजवं पहिलं बोट j वर. तेच बोट वर गेलं की वाय, खाली आलं की एन. म्हणजे होय आणि नाही दोन्ही एकाच बोटाच्या हातात.

त्यानं ठरवलं, नाही म्हणायचं. नाही रे बाबा, खात्री नाही, रागाच्या भरात बोलून गेलो. डाव्या करंगळीनं शिफ्ट दाबली आणि एन मारला.

आता ही शिफ्ट कशाला, ते ऐका. रावजीला टायपिंग शिकवलं ते आठल्ये मास्तरांनी. त्यांच्या हातात लाकडी पट्टी असायची. वाक्याचं पहिलं अक्षर थोरलं, म्हणजे कॅपिटल, न पडता धाकटं पडलं की बोटावर पट्टी. साहेबाचं नाव धाकट्या अक्षरानं सुरू झालं की दोन. थोरल्याशी बोलताना थोरलं अक्षर, हे रावजीच्या करंगळीत हाडापर्यंत गेलेलं. आणि समोर साक्षात हा, विचारणारा. त्याच्यापुढे धाकटा एन टाकायची छाती कोणाची? त्यानं टाकला थोरला एन. उभा, ताठ, खांबासारखा.

टुंइं! यंत्र ओरडलं. आणि खाली दुसरी ओळ उमटली.

आर यू शुअर? y/n

नाही म्हटलेलं त्याला चालत नव्हतं! मग होय पाहिजे? म्हणजे कोंबडा पाहिजे आणि यंत्राचा जीवही पाहिजे? त्यानं डोळे मिटले. जाऊ दे नोकरी. शिफ्ट दाबली आणि थोरला वाय मारला.

टुंइं!

आर यू शुअर? y/n

होयही चालत नाही. नाहीही चालत नाही. त्यानं पुन्हा एन मारला, पुन्हा वाय मारला, टुंइं, टुंइं, आणि काच खालून वर भरत चालली. तोच प्रश्न, एकाखाली एक, विहिरीत पाणी चढावं तसा. वरच्या ओळी वर जाऊन नाहीशा होत आणि खालून नव्या येत. खात्री आहे का? खात्री आहे का? खात्री आहे का? माणसानं एकदा विचारलं तर आपण उत्तर देतो. दहादा विचारलं तर वाटू लागतं, आपण आपलं नाव तरी खरं सांगतोय ना?

रावजीला आठवलं, देवी कौल देईना झाली की बाप सगळ्यांना बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "गावात काहीतरी चुकलंय. शोधा." तो आपली चूक शोधू लागला. चपला काढल्या होत्या. सकाळी बांगड्याचं सार जेवला होता, ते चुकलं असेल? त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं...

"धोतर?" लवू म्हणाला. "रावजी धोतर कधी नेसलाय?"

बरं, पँट. रुमालानं पुसलं. तू तिकिटं फाड, मध्ये बोलू नकोस.

तोंड पुसलं, उठून यंत्राला तीन प्रदक्षिणा घालायला गेला, तर मागे वायरींचं जाळं. एक पाय अडकला. यंत्र हललं. काचेवरची सगळी अक्षरं एकदम थरथरली आणि रावजीच्या तोंडून किंकाळी फुटायची ती निघालीच नाही, नुसती हवा निघाली. बंद पडलं? नाही. लुकलुक, लुकलुक. वाट बघत होतं.

शेवटी जे गुरवाच्या पोराला येतं तेच त्यानं केलं. यंत्रासमोर हात जोडून उभा राहिला आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा राखणदारा! तू बारा वाटांचा मालक, तुझ्या नजरेआड काय नाय. ह्या लेकरानं काल रागाच्या भरात तुझ्याकडे भलतं मागितलंन..."

"व्हय म्हाराजा!"

रावजी गर्रकन वळला. कोण बोललं? खोलीत तर कोणी नाही.

अहो, बाहेर पडवीत गंगा आणि आनंदीबाई आंबे सोलत बसल्या होत्या. खिडकीतून गाऱ्हाण्याचा आवाज आला, आणि गाऱ्हाणं कानावर पडलं की शेवटी व्हय म्हाराजा म्हणायचं, एवढं त्यांना ठाऊक. कोणाचं, कशाचं, कोण विचारतंय? हातातली सुरी न थांबवता त्या म्हणाल्या. पण आतल्या रावजीला वाटलं, भिंती बोलल्या. आता थांबता येईना. गाऱ्हाणं मध्ये सोडायचं नसतं.

"त्याच्या हातून जी काय चुकीमाकी झाली असेल, ती पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझ्या मनात काय असेल तो उजवा-डावा कौल तूच दे! माझी कसली खात्री नाय. जल्मात कधी नव्हती!"

"व्हय म्हाराजा!" बाहेर गंगाला हसू फुटलं, पण ते आत ऐकू गेलं ते हुंदक्यासारखं.

रावजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं माफी मागायची तशी मागितली. डाव्या हातानं डावा कान घट्ट धरला, मान खाली घातली, आणि उजवं बोट j वर ठेवून म्हणाला, "आता हे बोट तुझी पाकळी. वर ने, खाली ने." आणि बोट सैल सोडलं.

काय झालं लक्षात येतंय ना? डावा हात कानाला. मग शिफ्ट दाबायला करंगळी कुठून येणार?

बोट थरथरलं. खाली झुकलं. मग हळूच, कोणीतरी मनगटाला धरून उचलावं तसं, वर गेलं आणि पडलं. जन्मात पहिल्यांदा रावजीनं थोरल्यासमोर धाकटा वाय टाकला. थोरला वाय बघितलाय कधी? शिमग्यात दोन्ही हात वर करून नाचणाऱ्या माणसासारखा असतो. धाकटा तसा नाही. त्याची शेपूट ओळीच्या खाली जाते, पाय मागे दुमडून कोणी गुडघ्यावर बसावं तशी. काचेवर तो तसाच दिसला. एकटा, बारका, वाकलेला.

y

यंत्राला धाकटाच हवा होता, ते ओरडलं नाही. क्षणभर काहीच झालं नाही, आणि रावजी म्हणतो की आख्ख्या दुपारीत तो क्षण सगळ्यात वाईट होता. मग काचेवरच्या सगळ्या ओळी विझल्या. आणि मागचा प्रिंटर खडखडला! खर्र, खर्र, कागद सुटला, कागदभर नुसते धाकटे वाय, ओळीच्या ओळी वाय, तो कागद टेबलावरून खाली, दाराखालून बाहेर, पडवीतून, आनंदीबाईच्या मांडीवरून, फाटकातून उतारानं पार बंदराच्या रस्त्याला लागला! शेठची जीप समोरून आली ती त्या कागदावरूनच आत आली. शेठनं विचारलं, हे काय? रावजी कान धरूनच बसलेला. तेव्हापासून ते यंत्र दुसऱ्या कोणाचं ऐकेना. दमयंतीनं विचारावं तर हे गप्प, रावजीनं बोट ठेवलं की चालू. म्हणून शेठनं हात टेकले आणि रावजीची खुर्ची कायम झाली, टाइपरायटरसकट. आजही तो तिथेच बसतो. खोटं असेल तर त्यानं आत्ता सांगावं!

धाकूनं वस्तरा पुसला, तुरटी फिरवली आणि रावजीच्या मानेवरचा टॉवेल काढला. रावजी आरशात बघत राहिला. गाल चोळले. मग खुर्चीसकट वळला.

"राखणदाराचं तुला हौसानं सांगितलंन काय?"

बघा! ऐकलंत ना सगळ्यांनी? कबूल आहे त्याला!

"गाऱ्हाणं घातलं होतं मी," रावजी म्हणाला. "घाबरलोही होतो, ते खरं. सकाळी देवापुढे कान धरला होता, तेही खरं. पण भागोजी, लाईट पहाटेच गेली होती ना? मघाशी तूच बोललास. शेठ पुठ्ठ्यानं वारा घेत होता."

मग लवू कंडक्टर हळूच म्हणाला, "अरे हो की."

"ते यंत्र दिवसभर काळं ठिक्कर होतं, मेल्या. कसला प्रश्न नि कसला टुंइं! दमयंती सकाळीच घरी गेली. शेठ कपाळाला हात लावून बसले, ट्रकाचे कागद करायचे कसे? तेव्हा मी मेणकापड काढलं, खिडकीशी टेबल ओढलं आणि टाइपरायटरवर बडवून दिले. लाईट कधीही जाईल, हे शेठना त्या दिवशी कळलं. म्हणून राहिलो मी." त्यानं धाकूच्या हातात पैसे ठेवले, उंबऱ्यावर चपला सरकवल्या आणि मागे वळून म्हणाला, "कोंबडा मात्र दिला हां."